वायर कुठपर्यंत आली आहे?

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको-हडकोत घरी इंटरनेट घ्यायचं तर सहसा निवड करता येते. सातारा परिसर, देवळाई किंवा मिटमिट्याच्या एखाद्या नव्या वसाहतीत मात्र पहिला प्रश्न वेगळाच असतो. फायबरची वायर आपल्या गल्लीपर्यंत आली आहे का? बीएसएनएल, जिओ, एअरटेल किंवा स्थानिक केबलवाला, यांपैकी ज्याची वायर आली असेल तो आपला! जाहिरात शहराची असते, जोडणी गल्लीची. म्हणून कंपनीला फोन करण्याआधी शेजाऱ्याला विचारा, रात्री नऊच्या सुमारास वेग किती मिळतो? दुपारची चाचणी बहुतेकदा गोडच बोलते.

वायर नसेल तर एअरफायबर आहे. त्यात गच्चीवरचा अँटेना मोबाइल टॉवरचे सिग्नल पकडतो. पण टॉवर लांब असला, मध्ये उंच इमारत आली किंवा गर्दी वाढली, तर वेग घसरतो. शक्य असल्यास फायबरच घ्यावं, असं माझं मत.

आता थोडा हिशेब. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम ५ एमबी. ४९९ रुपयांच्या प्लॅनवर १८ टक्के जीएसटी धरला की बिल ५८९ च्या घरात जातं. अपलोडचा वेगही विचारा, घरून काम करणाऱ्यांचे व्हिडिओ कॉल त्यावरही अवलंबून असतात. सहा महिन्यांचे पैसे आधी भरू नका, एक महिना वापरून बघा.

आणि वीज गेली की राउटरही बंद पडतो. त्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, फक्त त्याचं व्होल्टेज राउटरशी जुळतंय ना, ते दुकानातच तपासून घ्या.