नाशिकच्या शैलजाताई आणि इराणच्या मुली

कबड्डी आपल्या बारामती-इंदापूरला नवी नाही. शाळेत असताना तुमच्यापैकी कितीतरी जणी दम धरून चढाईला गेल्या असतील. लग्न झालं आणि खेळ सुटला.

नाशिकच्या शैलजा जैन यांचा मात्र सुटला नाही. आधी त्या स्वतः खेळल्या, मग प्रशिक्षक झाल्या. नाशिकमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं मुली घडवल्या आणि निवृत्तीनंतर इराणच्या महिला संघाला शिकवायला गेल्या. भाषा परकी, जेवणही परकं. ताई तर शाकाहारी. त्यांनी फारसी शिकून घेतली आणि मुलींकडून प्राणायाम करून घेतला. दम टिकवायचा तर श्वास ताब्यात हवा ना!

२०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत अंतिम सामना पडला तो भारताशीच. आधीची दोन्ही सुवर्णपदकं भारताची. या वेळी इराणच्या मुली २७-२४ अशा जिंकल्या.

आपल्याच देशाला हरवलं, असं काहींना वाटेल. पण शिकवायला घेतलं की हातचं राखून चालत नाही.

बायांनो, तुमच्या वस्तीवरची मुलगी मैदानावर निघाली तर अडवू नका. तुम्ही खेळलेल्या असाल, तर संध्याकाळी अर्धा तास तिला चढाई शिकवा.