एकसष्टावे मूल
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



वसंतातील व्याख्यानांना साहित्य, संगीत, अध्यात्म, फार तर राजकारण हे विषय शोभतात. प्राथमिक शाळेस शिक्षक किती द्यावेत हा विषय हिशेबाचा आहे, आणि हिशेब ऐकण्यासाठी संध्याकाळचा वारा सोडून सभागृहात येणारी मंडळी विरळाच. तरीही चालकांकडून तो मी मागून घेतला, आणि त्याला महिनाही हाच योग्य आहे असे माझे मत आहे. कारण मुले सुटीत आमराईत हिंडत असताना जिल्हा परिषदेच्या दप्तरात कोणत्या शाळेत किती गुरुजी आणि किती बाई राहणार, कोण अतिरिक्त ठरणार आणि कोणाचे कोठे समायोजन होणार याची खलबते चाललेली असतात, आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा त्यांचा निकाल तेवढा गावाच्या पदरात पडतो.

खात्याच्या भाषेत या व्यवहाराला संचमान्यता म्हणतात. ३० सप्टेंबर रोजी पटावर किती मुले आहेत ते मुख्याध्यापकाने संगणकावर भरावयाचे, केंद्रप्रमुखाने आणि गटशिक्षणाधिकाऱ्याने ते तपासावयाचे, आणि मग त्या शाळेच्या नावाचा एक कागद वरून खाली यावयाचा, असा शिरस्ता आहे. त्या कागदावर शाळेचा अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो, इयत्तावार पट असतो, आणि त्यापुढे मंजूर, कार्यरत, रिक्त व अतिरिक्त असे पदांचे रकाने असतात. ज्याचे नाव शेवटच्या रकान्यात गेले त्या शिक्षकाला समुपदेशनाच्या दिवशी जिल्ह्याच्या गावी जाऊन, उरलेल्या शाळांच्या यादीतून एक शाळा पसंत करावी लागते; आणि ज्येष्ठतायादीत तो खाली असला तर ती पसंती नावापुरतीच राहते.

या कागदाचे प्रमाण ज्या कायद्यातून आले, तो बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार आणि १२१ ते २०० मुलांना पाच शिक्षक द्यावयाचे. १५० च्या वर पट गेला तर निराळा मुख्याध्यापक द्यावयाचा. आणि २०० च्या पुढे मुख्याध्यापक वगळून दर शिक्षकामागे चाळीसहून अधिक मुले असू द्यावयाची नाहीत. सभासंमेलनांतून आपण तीस मुलांमागे एक शिक्षक हे सूत्र नेहमी ऐकतो. पण पट दोनशे असतानाही शिक्षक पाचच मिळतात, म्हणजे तेथे एकेकाच्या वाट्याला चाळीस मुले येतात, हे अनुसूचीतच लिहिलेले आहे.

परंतु माझा आक्षेप तीस की चाळीस याविषयी नाही. पाच इयत्ता ज्या शाळेत आहेत तेथे प्रत्येक इयत्तेला स्वतःचा शिक्षक मिळण्यासाठी पट किती लागतो, हे आपण या कोष्टकावरून काढून पाहावे. उत्तर १२१ येते. एकशे वीस मुलांच्या शाळेतही चार शिक्षकांपैकी एकाला दोन इयत्ता सांभाळाव्या लागतात. आणि साठ मुलांच्या शाळेत, जी आपल्याकडे बरी नांदती शाळा मानली जाते, एका शिक्षकाकडे दोन तर दुसऱ्याकडे तीन इयत्ता जातात. रेशनच्या दुकानात माणशी धान्य मोजावे तसा येथे डोक्यामागे शिक्षक मोजला आहे. वास्तविक शिकवण्याचे काम इयत्तेच्या मापाने वाढते, आणि चौथीत सात मुले असली काय किंवा सत्तावीस असली काय, भागाकार एकदा शिकवावाच लागतो. गंमत अशी, की कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असेही म्हणता येत नाही. सहावी ते आठवीसाठी त्याच अनुसूचीत दर पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण सांगण्याआधी प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक असावा, आणि त्यांत विज्ञान-गणिताचा, सामाजिक शास्त्रांचा व भाषांचा एकेक असावा, असे म्हटले आहे. जी गोष्ट बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत सुचली, ती सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत, ज्याला पाटीवर पेन्सिल कशी टेकवावी हेही हाताला धरून दाखवावे लागते, का सुचली नाही याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही.

द्विशिक्षकी शाळेतील एक सकाळ आपण जवळून पाहू. एका खोलीत पहिली, दुसरी आणि तिसरी. फळ्यावर खडूची उभी रेघ, तिच्या डावीकडे दुसरीची हातच्याची बेरीज आणि उजवीकडे तिसरीचे शब्दार्थ. बाई पहिलीच्या मुलांत जमिनीवर बसून 'क' गिरवून घेत आहेत. तिसरीची मुले पाच मिनिटांत शब्दार्थ उतरवून मोकळी झाली आहेत आणि आता त्यांचे लक्ष खिडकीबाहेरच्या ट्रॅक्टरकडे आहे. व्हरांड्यात चौथी आणि पाचवी. तेथील गुरुजी मुख्याध्यापकही आहेत, म्हणून त्यांच्या मांडीवर पोषण आहाराची नोंदवही आहे, आणि दुपारी त्यांना टपाल घेऊन केंद्रशाळेत जावयाचे आहे. ते गेले म्हणजे पाचही इयत्ता बाईंच्या. कायद्याने या वर्गांसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तासांचे अध्यापन ठरवून दिले आहे. दोन शिक्षक पाच इयत्तांत सारखे वाटले तर प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला प्रत्यक्ष गुरूचे ३२० तास येतात, तेही दोघे वर्षभर एक दिवसही न चुकता हजर राहिले तर. आणि एकटा उरला तर हा आकडा १६० वर येतो. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका या कामांसाठी शिक्षकाला घेण्याची मुभा कायद्याच्या २७ व्या कलमानेच दिली आहे. तीन महिन्यांच्या मतदारयाद्यांच्या कामात द्विशिक्षकी शाळा एकशिक्षकी होते, आणि संचमान्यतेच्या कागदावर मात्र ती पूर्ण भरलेली दिसते.

याला प्रत्युत्तर म्हणून बहुवर्ग अध्यापनाचा दाखला देण्यात येतो, आणि तो खोटा नाही. कोल्हापूर जिल्ह्यातून पुढे आलेले आणि कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झालेले जे. पी. नाईक यांनी एकशिक्षकी शाळा या विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. अशा शाळांचे तंत्रच निराळे आहे हे शिक्षणशास्त्राने फार पूर्वी ओळखले. मोठ्या मुलाने लहानाला वाचून दाखवावे, तिसरी आणि चौथीने एकच गोष्ट आपापल्या परीने लिहावी, असे उत्तम वर्ग मी डोंगरी वाड्यांवर पाहिले आहेत. पण तंत्र निराळे म्हणावे, आणि पाठ्यपुस्तके इयत्तावार, परीक्षा इयत्तावार, तपासणीही इयत्तावार ठेवावी, यातली विसंगती त्या वाडीवरच्या शिक्षकानेच एकट्याने निस्तरावयाची काय?

कायद्याने सांगितलेले प्रमाण हे खालची मर्यादा आहे. त्याहून कमी नको एवढाच त्याचा अर्थ. दप्तराने मात्र ती वरची मर्यादा मानली आणि तिच्या पुढे एक पद देणे म्हणजे उधळपट्टी ठरवली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहीम निघाली तेव्हा एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक देणे हे राष्ट्रीय कर्तव्य म्हणून सांगण्यात आले होते. पुढे आपल्या राज्यात २००० साली शिक्षणसेवक आला, दरमहा तीन हजार रुपये मानधनावर. आणि १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने वीसपर्यंत पटाच्या शाळेत नियमित शिक्षक एकच ठेवून, दुसऱ्याची गरज निवृत्त शिक्षकाकडून भागवण्याची वाट काढली. दुसऱ्या शिक्षकासाठी ज्या राज्याने फळे आणि खडू वाजतगाजत वाटले, तेच राज्य पस्तीस-चाळीस वर्षांत त्याच दुसऱ्या शिक्षकाला पर्याय शोधू लागले. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्यात प्राथमिक शिक्षकाला बारा रुपयांहून कमी पगार नसावा असे स्पष्ट म्हटले होते. स्वस्तात मिळणाऱ्या शिक्षकाचा मोह सरकारला तेव्हाही होता.

आता अनुसूचीतल्या पटाच्या रेषांवर जे घडते त्याकडे वळू. साठ मुलांना दोन शिक्षक आणि एकसष्ट मुलांना तीन, असा जेथे नियम आहे तेथे एकसष्टावे मूल हे इतर साठांहून मौल्यवान होते, आणि ते मिळवण्यासाठी जूनमध्ये गुरुजी घरोघर हिंडतात, शेजारच्या गावाची मुले रिक्षाने आणवतात, इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी बस गावात शिरण्यापूर्वी पालकांना गाठतात. हे कष्ट मी कौतुकानेच सांगतो. परंतु याच रेषेने काहींना कागदी मुले निर्माण करण्याचाही मोह घातला. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा पटावर असलेली आणि शाळेत नसलेली मुले लाखांनी निघाली. त्यानंतर खात्याचा विश्वास उडाला तो उडालाच. आज आधार क्रमांक जुळल्याशिवाय मूल मोजले जात नाही, आणि नावातल्या एका वेलांटीच्या फरकाने खरेखुरे, समोर बसलेले मूल हिशेबातून गळते.

आणि ३० सप्टेंबर ही तारीख! बीड, पाथर्डी, धारूर या पट्ट्यातील ऊसतोड मजुरांची मुले त्या दिवशी शाळेत असतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, पण कोयता अजून निघालेला नसतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रक पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात, मुले आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातात, आणि जी मागे राहतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहे उघडतात. गावाच्या शाळेत शिक्षक पटाप्रमाणे आहेत, मुले अर्धी आहेत. कारखान्याच्या हद्दीतील शाळेच्या दारात त्याच मुलांची रांग आहे, पण त्या शाळेची मोजदाद सप्टेंबरमध्येच झालेली असल्यामुळे त्यांच्यासाठी एकही पद निघत नाही. शिक्षण हमी पत्रक मुलाच्या हाती देऊन आपण त्याची जबाबदारी पुढच्या शाळेकडे सोपवतो. पत्रकाबरोबर शिक्षक जात नाही. वर्षातून एकदा मोजण्याऐवजी सप्टेंबर आणि जानेवारी असे दोनदा मोजावे, आणि निदान ऊसपट्ट्यात काही पदे हंगामी तैनातीची ठेवावीत, हे इतके उघड आहे की ते अद्याप झाले नाही याचेच नवल वाटते.

लहान शाळा एकत्र करून समूहशाळा करावी, हा उपाय २०२३ पासून पुढे आला आहे, आणि पानशेत व तोरणमाळ येथील प्रयोग त्यासाठी दाखवले जातात. जेथे रस्ता आहे, वाहन आहे आणि ते आषाढातही चालते, तेथे माझा विरोध नाही. पण पहिलीच्या मुलासाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी असा नियम आपणच केला आहे, तो ओढ्याला पाणी आल्यावर आठवावा.

पैसा कोठून आणावयाचा, असे सभेनंतर मला विचारले जाईल. मी जे मागतो त्यातला पहिला भाग, म्हणजे पहिली ते पाचवीतही प्रत्येक इयत्तेला किमान एक शिक्षक असे अनुसूचीत लिहिणे, फुकटचा आहे. कायद्याच्या २० व्या कलमाने अनुसूचीत भर घालण्याचा अधिकार केंद्र शासनाला अधिसूचनेनेच दिला आहे, त्यासाठी संसदेत जावे लागत नाही. दुसरा भाग तर गावाच्या हातातला आहे. २२ व्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने, जिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, शाळेची विकास योजना तयार करावयाची आहे आणि शासनाने अनुदानाची आखणी त्या योजनेच्या आधारे करावयाची आहे. आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी ती तयार असावी, आणि तिच्यात तीन वर्षांचा इयत्तावार पट व लागणारे जादा शिक्षक यांचा अंदाज असावा, असे केंद्राच्या आदर्श नियमांत आहे. ही योजना बहुधा मुख्याध्यापक एकटेच, मागच्या वर्षीची समोर ठेवून लिहितात आणि सभासद सह्या करतात. आज या सभागृहात अशा समित्यांचे सभासद बसले असतील, तर त्यांनी येत्या डिसेंबरात 'पट ४८, शिक्षक २' एवढ्यावर सही न करता, आठवड्याच्या कोणत्या तासाला कोणती इयत्ता शिक्षकाविना बसते त्याचे वेळापत्रक योजनेला जोडावे, आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून त्यावर लेखी उत्तर मागावे.