अक्षर स्वतःचे नाव सांगते तेव्हा



सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकविली जाते. त्यामुळे आपल्या जालना जिल्ह्यातील अंबड, भोकरदन, परतूर या तालुक्यांतल्या खेड्यापाड्यांतील बालकांनाही त्या भाषेच्या दीर्घ स्वरांचा परिचय लहान वयातच करून घ्यावा लागतो.

मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेद वेलांटी दाखविते.
इंग्रजीत वेलांटी नाही.
तेथे दीर्घ म्हटला जाणारा स्वर म्हणजे केवळ लांबविलेला ध्वनी नव्हे. स्वराक्षराने स्वतःचे नाव उच्चारणे, हेच त्याचे मर्म होय.

फळ्यावर के, आय, टी ही अक्षरे लिहावीत.
मुले वाचतील, ‘किट’.
आता शेवटी ई जोडावा.
हा ई स्वतः मौन पाळतो, परंतु आयला त्याचे नाव उच्चारावयास लावतो, आणि शब्द होतो ‘काइट’, म्हणजे पतंग.
याच रीतीने ‘कॅप’चा ‘केप’ होतो.
‘हॉप’चा ‘होप’ होतो.

‘गिव्ह’, ‘हॅव्ह’ असे अपवादही आहेत. परंतु मूळ नियम मुलांच्या जिभेवर पक्का बसल्यावरच ते सांगणे इष्ट.

पुन्हा एकवार सांगतो.
दीर्घ स्वर म्हणजे अक्षराने आपले नाव सांगणे.

शिक्षक बंधुभगिनींनो, पालकहो, शब्दांच्या अशा जोड्या मुलांकडून रोज मोठ्याने वाचून घ्या. अर्थ न कळता केलेल्या घोकंपट्टीवर मात्र विसंबू नका.