फवारा पिशवीत की कमरेला?

(ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या पावसाळ्यात आपल्या बी विंगमधली मुले येऊरच्या डोंगरात निघाली होती. लिफ्टमध्ये एकाने विचारले, "काका, तुम्ही अमेरिकेत अस्वलांच्या जंगलात फिरलात ना? मग आम्ही बिबट्यासाठी पेपर स्प्रे घेऊ का?" तेवढ्यात तळमजला आला आणि उत्तर राहून गेले. ते आज देतो.

२०१६ च्या जुलैत मी आणि सौ. मुलाकडे गेलो होतो. त्याने आम्हाला यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात नेले. तिथे ग्रिझली अस्वले मोकळी फिरतात. त्यांच्यापासून शंभर यार्ड लांब राहायचे, हा तिथला नियम. पायवाटेला लागण्याआधी मुलाने आम्हा मोठ्यांच्या हातात एकेक डबा दिला. त्याला म्हणतात बेअर स्प्रे. आत काय, तर मिरचीचा तिखट अर्क! फवारा पंचवीस-तीस फूट जातो आणि डबा सात-आठ सेकंदांत रिकामा होतो. किंमत ऐकून मी म्हटले, "अरे, एवढ्या पैशात तुझ्या आईने वर्षाचे तिखट कुटून दिले असते!"

पण वस्तू कामाची. अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या घटनांचा अभ्यास झाला आहे. फवारा मारल्यावर दहापैकी नऊ वेळा अस्वल आवरले गेले. मात्र तो ओडोमॉससारखा अंगाला किंवा तंबूला लावायचा नसतो. अस्वल चालून आले, की त्याच्या वाटेत, थोडा खाली रोखून मारायचा, म्हणजे ते त्या ढगात शिरते. वारा उलटा असला तर फवारा आपल्याच डोळ्यांत जातो. आणि डब्यावरची मुदतही बघायची.

हे सगळे मुलाने समजावले. मी मान डोलावली आणि डबा पिशवीत, दशम्यांच्या खाली ठेवला.

तासाभराने एका वळणावर समोरच्या उतारावरून अस्वल खाली आले आणि वाटेवरच उभे राहिले. मी सगळ्यांच्या पुढे. माझा हात पिशवीकडे गेला, पण चेन काही उघडेना. आठ वर्षांची नात पळायला निघाली. मुलाने एका हाताने तिचा दंड धरला, दुसऱ्या हाताने कमरेचा डबा काढला. हळू आवाजात म्हणाला, "पळायचं नाही बाळा. मागे मागे चल. बाबा, तुम्हीपण." अस्वलाने हवेत नाक फिरवले आणि ते खाली झाडीत निघून गेले. फवारा मारावा लागला नाही.

गाडीत बसल्यावर नातीने विचारले, "आजोबा, तुमचा डबा कुठे होता?" मला उत्तर देता आले नाही. बँकेत इतकी वर्षे स्ट्राँगरूमच्या किल्ल्या सांभाळल्या, एकदाही ड्रॉवरमध्ये विसरलो नाही. आणि इथे?

तर मुलांनो, माझे उत्तर असे. पर्समध्ये मावणारा छोटा स्प्रे काही फुटांवरच पोचतो. त्याच्या भरवशावर संध्याकाळी डोंगरात राहू नका. बिबट्या सहसा माणसाला टाळतो. दिसलाच तर पळू नका, खाली वाकू नका, मोबाईल घेऊन त्याला घेरू नका. त्याला जायला वाट द्या आणि वनखात्याला १९२६ वर कळवा.

आणि आम्हा मोठ्यांनाही एक सांगतो. आपल्या मागच्या फाटकाशी ओला कचरा पडतो. कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. पंचवीस वर्षांत हा विषय कितीतरी सभांच्या इतिवृत्तात आला आणि तिथेच राहिला. म्हणजे आपलाही डबा दशम्यांखालीच आहे! तो आता बाहेर काढू या.