पौषातील ठिणगी आणि आषाढातील वीज

माळव्यातील थंडी कोरडी असते. पौष-माघात धार किंवा देवास येथे रात्री लोकरीचा स्वेटर अंगातून काढताना चटचट आवाज होतो आणि अंधारात निळसर ठिणग्याही दिसतात. मुलांना याची मौज वाटते. परंतु ही इवलीशी ठिणगी आणि पावसाळ्याच्या आरंभी देवासच्या टेकडीमागे लखलखणारी वीज या सख्ख्या बहिणी होत.

दोन भिन्न पदार्थ एकमेकांस घासून विलग झाले म्हणजे एकावरील काही इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. ज्याला ते मिळाले तो ऋणभारित होतो, ज्याने गमावले तो धनभारित. येथे वीज नव्याने निर्माण होत नाही. असलेल्या भाराची वाटणी तेवढी बिघडते. जमिनीशी जोडलेल्या धातूवरून हा भार तत्काळ वाहून जातो. लोकर, रेशीम, नायलॉन हे दुर्वाहक, म्हणून त्यांवर तो साचून राहतो. पावसाळ्यात वस्तूंवर ओलाव्याचा सूक्ष्म थर असतो व त्यातून भार निसटतो. कोरड्या हिवाळ्यात ती वाट बंद होते.

साचण्यालाही मर्यादा आहे. एका सेंटिमीटर अंतरास सुमारे ३०,००० व्होल्ट एवढा दाब झाला म्हणजे हवेचा विरोध मोडतो, हवाच वाहक बनते आणि ठिणगी उडते. दाराच्या कडीला बोट लावताना बसणारा चटका काही हजार व्होल्टांचा असतो. तरीही अपाय होत नाही, कारण भार अत्यल्प असतो. उंच कड्यावरून पडलेल्या एका थेंबाने कोणी वाहून जात नाही. मात्र पेट्रोलच्या वाफेला एवढी ठिणगीही पुरते. म्हणून टँकर रिकामा करण्यापूर्वी तो तारेने जमिनीशी जोडतात. देवास येथे १९७४ साली बँक नोट प्रेस स्थापन झाला. कोरड्या हवेत कागदाचे ताव भारित होऊन एकमेकांस चिकटतात, म्हणून मोठ्या छापखान्यांतून हवेतील ओलावा सांभाळावा लागतो.

आता आकाशाकडे वळू. मेघातील वीज व घर्षणातील वीज एकच, हे १७५२ साली फ्रँकलिनच्या कल्पनेवरून झालेल्या प्रयोगांनी सिद्ध झाले. ढगात गारांचे कण व हिमस्फटिक एकमेकांवर आदळतात. बहुधा ढगाचा वरचा भाग धनभारित व खालचा ऋणभारित होतो. हा भार जमिनीकडे झेपावतो तेव्हा सुमारे ३०,००० अँपिअरचा प्रवाह वाहतो आणि त्या वाटेवरील हवा सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट तापते. तिच्या आकस्मिक प्रसरणाचा आवाज म्हणजे गडगडाट.

धारच्या लाट मशिदीच्या आवारात, जी इ. स. १४०५ च्या सुमारास उभी राहिली, एका प्राचीन लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत. अखंड असताना तो सुमारे १३ मीटर लांब होता. असा लोखंडी दंड जमिनीत रोवून उभा केला, तर विजेला तो सोपी वाट देतो. फ्रँकलिनच्या तडितरक्षकाचे तत्त्व हेच. झाडाचे तसे नाही. ते उंच असल्याने विजेला ओढते, परंतु चांगले वाहक नसल्याने खोडातील प्रवाह जवळच्या माणसाच्या अंगावर उडी घेतो. सोयाबीनच्या पेरणीच्या वा निंदणीच्या दिवसांत पाऊस येताच मजूर झाडाखाली धावतात आणि नेमके तेथेच बळी पडतात. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे असे समजावे. पक्क्या घरात जावे व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. वीज अंगावर पडलेल्या माणसाला शिवण्यास लोक भितात; मध्य भारतातील काही खेड्यांत त्याला शेणात पुरण्याचीही समजूत आहे. परंतु ठिणगी उडाली की भार संपला, हाच नियम येथेही लागू आहे. त्याच्या देहात वीज उरलेली नसते. थांबलेले असते ते हृदय किंवा श्वास. अशा वेळी तत्काळ छाती दाबून व श्वास देऊन उपचार सुरू करावेत आणि १०८ क्रमांकावर वाहन बोलवावे. शेणात गेलेली ती पाच मिनिटे एखाद्या घराचा कर्ता पुरुष हिरावून नेऊ शकतात.