हाड वाढले, पण मोडायचे थांबले का?



 हाड घडवणारी वनस्पतिजन्य द्रव्ये हा आपल्या परिषदेचा विषय पुणे शहराला परका नाही. फ्लेव्होन तयार करण्याची एक पद्धत ज्यांच्या नावाने जगभर ओळखली जाते, ते डॉ. के. वेंकटरामन १९५७ मध्ये इथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. हाडांसाठी आज तपासली जाणारी अनेक वनस्पतिजन्य द्रव्ये याच फ्लेव्होनॉइड कुळातली आहेत. या वारशाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी प्रश्नही अवघडच विचारावा, असे मला वाटते. एखाद्या द्रव्याने हाड वाढते का, एवढ्यावर समाधान मानू नये. त्याने हाड मोडायचे कमी होते का, हे विचारावे.

हाड सतत कोरले आणि भरले जात असते: अस्थिभक्षक पेशी जुन्या हाडात दोन-तीन आठवड्यांत खळगा कोरतात आणि तो भरून काढायला अस्थिजनक पेशींना तीन-चार महिने लागतात. पाळी कायमची थांबली की इस्ट्रोजेन घटते, कोरण्याचा वेग वाढतो आणि भरणी मागे पडते. सोयाबीनमधले जेनिस्टीन हे आयसोफ्लेव्होन, म्हणजे फ्लेव्होनॉइड कुळातलेच द्रव्य, इस्ट्रोजेनच्या ग्राहींना, त्यातही बीटा प्रकाराला, चिकटते. म्हणून त्याच्यावर आशा बसली. आपल्याकडे मोडलेल्या हाडासाठी परंपरेने वापरली जाणारी, कुंपणावर चढणारी कांडवेल आहे: चौधारी, पेरापेरांची, कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे जिचा रस लागला की हात खाजतो. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. के. एन. उडुपा यांच्या गटाने १९६० च्या दशकात किरणोत्सारी कॅल्शियम वापरून तिचा अभ्यास केला आणि प्राण्यांचे मोडलेले हाड लवकर जुळून आल्याचे नोंदवले. लखनौच्या केंद्रीय औषधी अनुसंधान संस्थेने उत्तरेकडच्या शिशमाच्या पानांचा अर्क प्रयोगशाळेतून बाजारापर्यंत नेला. पाया भक्कम आहे, यात शंका नाही.

माणसावरचा पुरावा मात्र इतका सरळ नाही. २००७ मध्ये इटलीतल्या ३८९ स्त्रियांवरच्या चाचणीत रोज ५४ मिलिग्रॅम शुद्ध जेनिस्टीन घेणाऱ्यांची हाडांची घनता दोन वर्षांत वाढली. २०११ मध्ये अमेरिकेत २४८ स्त्रियांवर सोयाबीनमधल्या आयसोफ्लेव्होनांची चाचणी झाली. रोज २०० मिलिग्रॅम दोन वर्षे देऊनही झीज थांबली नाही. द्रव्य वेगळे, स्त्रियांची अवस्था वेगळी, त्यामुळे या दोन निष्कर्षांची थेट तुलना होत नाही. पण दोन्हीकडे मोजली ती मुख्यतः घनता, आणि मोडणाऱ्या हाडांचा हिशेब लावायला इतकी संख्या पुरत नाही. घनतेवर किती विसंबावे, हे फ्लोराइडने दाखवले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार वर्षांच्या चाचणीत सोडियम फ्लोराइडने कण्याची घनता सुमारे ३५ टक्के वाढवली. तरी मणके मोडणे लक्षणीयरीत्या घटले नाही आणि इतर हाडे उलट जास्त मोडली. आयसोफ्लेव्होनावरून बेतलेल्या इप्रिफ्लेव्होनची गोष्ट तर आपल्या विषयाच्या अगदी जवळची. ४७४ स्त्रियांवरच्या चाचणीत, २००१ मध्ये, त्याचा हाडांना उपयोग दिसला नाही. काही जणींच्या रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी मात्र घटल्या. मूळ वनस्पतीत असले, म्हणून द्रव्य निर्धोक ठरत नाही.

यावर पहिला आक्षेप परंपरेच्या बाजूने येईल: शतकानुशतकांचा अनुभव पुरावा नाही का? आहे, पण कशाचा, हे पाहावे लागेल. कांडवेलीचा अनुभव मोडलेले हाड जुळण्याचा आहे, आणि नीट बांधलेले हाड बहुधा आपले आपणही जुळते. म्हातारपणची ठिसूळता तर हाड मोडेपर्यंत दुखतही नाही. जे डोळ्यांना दिसत नव्हते, त्याबद्दल जुन्या अनुभवाकडून साक्ष मागणे त्या अनुभवावरच अन्याय करणारे आहे. दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. जुन्या वनस्पतीवर पेटंट मिळणे कठीण. मग हजारो रुग्णांची, वर्षानुवर्षांची चाचणी कोण करणार? माझे उत्तर असे, की सुरुवात अस्थिभंगाच्या रुग्णांपासून करावी. नडगीचे हाड जुळायला किती आठवडे लागले, हे एक्स-रेवर काही महिन्यांत कळते, आणि असे रुग्ण सरकारी रुग्णालयांत रोज येतात. निम्म्यांना प्रमाणित अर्क, निम्म्यांना तसेच दिसणारे निष्क्रिय औषध. ठिसूळ हाडांसाठी टेरिपॅराटाइडसारखी हाड घडवणारी इंजेक्शने आज आहेत, पण ज्या आजीला ती परवडत नाहीत, तिच्यासाठी स्वस्त आणि तोंडाने घेता येणारे औषध शोधण्याचे काम उरलेच आहे. ते घाईत उरकून चालणार नाही.

म्हणून निबंध वाचणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे: वनस्पती कुठली, कधी तोडली, अर्कात मुख्य द्रव्य किती, हे आधी सांगा. बशीतल्या पेशींना जेवढे द्रव्य दिले, तेवढे माणसाच्या रक्तात खरोखर पोहोचते का, हेही सांगा. कारण यातल्या पुष्कळ द्रव्यांचे रूप आतडे आणि यकृत रक्तात पोहोचण्याआधीच पालटून टाकतात. आणि जे प्रयोग निष्फळ ठरले, तेही इथे निःसंकोच मांडा.