दारात गाडी की दुकानात गिऱ्हाईक?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमांत ‘लक्ष्मी रस्त्यावर पार्किंग बंदी हवी की नको’ या विषयावर सोसायटीच्या सभागृहात चर्चा झाली. त्या वेळच्या एका भाषणाचा हा मजकूर, बोलल्याच्या ओघातच ठेवला आहे.)



माझ्या आधी आपले माजी सेक्रेटरी बोलले. त्यांनी ठणकावून सांगितलं की लक्ष्मी रस्त्यावर एकही गाडी उभी राहू देऊ नये. त्यांच्यानंतर बी विंगमधल्या वहिनी म्हणाल्या, गाडी लावायला जागा नसेल तर आम्ही तिकडे येणारच नाही, कर्वे रस्त्यावर सगळं मिळतं. या दोघांच्या मध्ये मी उभा आहे, कारण माझं मॅचिंग सेंटर त्याच रस्त्यावर आहे, उंबऱ्या गणपती चौकापासून हाकेच्या अंतरावर. ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल, लेस, बटणं. इथे बसलेल्या निम्म्या भगिनी माझ्या गिऱ्हाईक आहेत, त्यामुळे मला जरा जपूनच बोललं पाहिजे.

आधी आजची परिस्थिती सांगतो. रस्ता एकेरी आहे. गाड्या लावायच्या त्या सम-विषम तारखेप्रमाणे, एक दिवस या बाजूला, एक दिवस त्या बाजूला. पी-वन, पी-टूच्या पाट्या तुम्ही पाहिल्या आहेत. तारीख पाहून गाडी लावणारा माणूस पुण्यात बाहेरगावाहून आलेला असतो असं आमच्याकडे गमतीने म्हणतात. उरलेल्या बाजूला टेम्पो, रिक्षा आणि ‘दोनच मिनिटं’ म्हणून थांबलेल्या मोटारी. त्यांच्या कडेने पथारीवाले. चालणाऱ्या माणसाला मग मधला रस्ताच उरतो, आणि मागून हॉर्न.

त्यात उचलणारी गाडी येते. कोपऱ्यावरून आरोळी येते, ‘गाडी आली, गाडी आली!’ आणि दुकानातल्या चार बायका काउंटरवरची साडी तशीच टाकून पळत सुटतात. त्यातली एक परत येते, तीन येत नाहीत. ज्या मापाचं अस्तर फाडून ठेवलेलं असतं ते माझ्याकडे राहतं. पार्किंगचा प्रश्न काय असतो, हे मला त्या फाडलेल्या अस्तराने शिकवलं.

आता व्यापाऱ्याच्या मनातली भीती सांगतो, आणि ती खोटी नाही. गेल्या वीस वर्षांत पुणं पसरलं. कोथरूड, सिंहगड रस्ता, बाणेर, हडपसर. लोक पेठा सोडून लांब राहायला गेले, आणि खरेदीला दुचाकीवर किंवा मोटारीने येऊ लागले. आमच्यातल्या मोठ्या दुकानांनी उपनगरांत शाखा काढल्या, तळघरात पार्किंग केलं. मॉल आले, मोबाईलवर साड्या आल्या. लहान दुकानदाराकडे शाखा काढायचं भांडवल नाही आणि जागा जुनी, पागडीची. तो काय म्हणतो? माझं गिऱ्हाईक आधीच कमी होतंय, त्यात दारातली गाडी बंद केलीत तर उरलेलंही जाईल. महिनाभर धंदा बसला तर मोठा माणूस सोसेल. मी दोन मुलींना पगार देतो, मला सोसणार नाही. त्यामुळे सभेत कोणी ‘व्यापारी म्हणजे अडथळा’ असं म्हणालं की मला राग येतो. विरोध करणारा माणूस आपला गल्ला राखत असतो, आणि गल्ल्यावर घर असतं.

पण एक गोष्ट मी आमच्या व्यापाऱ्यांच्या बैठकीतही बोललो आहे आणि इथेही बोलतो. सकाळी साडेदहाला माझं शटर वर जातं, तेव्हा दारात गाड्या आधीच लागलेल्या असतात. कोणाच्या? गिऱ्हाईक अजून घरी चहा पीत आहे. त्या गाड्या आमच्या. मालकाची, मालकाच्या मुलाची, सेल्समनची, वरच्या मजल्यावरच्या ऑफिसातल्यांची. त्या रात्री नऊला हलतात. माझ्या दुकानाची रुंदी दहा फूट. त्यात दाटीवाटीने चार दुचाक्या उभ्या राहतात. त्यातल्या दोन दिवसभर आमच्याच असतील, तर गिऱ्हाइकाला उरल्या दोन. माझं गिऱ्हाईक अर्ध्या तासात मोकळं होतं. म्हणजे साडेदहा तासांत एका जागेवर वीस-एकवीस जणी गाडी लावून जाऊ शकल्या असत्या, तिथे एक सेल्समनची गाडी ऊन खात उभी. मोटार असेल तर आणखी वाईट. एका मोटारीच्या लांबीत पाच-सहा दुचाक्या मावतात. आणि आम्ही म्हणतो गिऱ्हाइकाला पार्किंग नाही.

मी आता माझी स्कूटर मंडईच्या बाजूच्या वाहनतळात लावतो आणि चालत येतो. मुलींनाही तसंच सांगितलंय, पासचे पैसे दुकानातून देतो. शेजारच्यांनी मला वेड्यात काढलं. काढोत.

दुसरी गोष्ट. गिऱ्हाईक कसं येतं याबद्दल दुकानदाराचा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ च्या एका पाहणीत दुकानदारांना विचारलं, तुमचं किती गिऱ्हाईक मोटारीने येतं? ते म्हणाले, ४१ टक्के. गिऱ्हाइकांना विचारलं तेव्हा आकडा निघाला २२ टक्के. कॅनडातल्या टोरांटोत, ब्लूर नावाच्या बाजाररस्त्यावर, २००८ मध्ये अशीच पाहणी झाली. तिथे तर मोटारीने येणारे दहात एक निघाले. बाकीचे चालत, सायकलने, रेल्वेने. आता ब्रिस्टलचं गणित मी पुण्याला लावणार नाही. आपल्याकडे दुचाकी आहे, तिकडे नाही. आपल्याकडे ऊन आहे, पाऊस आहे, हातात पाच पिशव्या आणि कडेवर मूल आहे. पण प्रश्न विचारायची पद्धत घ्यायला काय हरकत आहे? मी बिल करताना प्रत्येकीला सहज विचारू लागलो, ‘ताई, आलात कशा?’ बहुतेकींचं उत्तर एकच: गाडी लांब कुठेतरी लावली आणि चालत आले. नाहीतर रिक्षाने, नाहीतर बसने. अगदी माझ्या दारात गाडी लावून आलेली क्वचित सापडते, आणि ती सापडली की मीच तिचं अभिनंदन करतो. म्हणजे जे पार्किंग जाईल म्हणून आम्ही घाबरतो, ते गिऱ्हाइकाला मुळात मिळतच नाही.

तुळशीबाग आठवा. आत गाडी नेताच येत नाही. तरी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. ‘तिथे स्वस्त मिळतं म्हणून,’ असं आमचे लोक म्हणतात. असेल. पण बाईला एका दुकानातून दुसऱ्यात निवांत जाता येतं, मूल हाताबाहेर गेलं तरी चाकाखाली येत नाही, हेही कारण आहेच की.

२०२१ साली महापालिकेने ११ डिसेंबरला पादचारी दिन केला. उंबऱ्या गणपती चौक ते गरुड गणपती चौक एवढा लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद. माझं दुकान त्याच पट्ट्यात. त्या दिवसाबद्दल आमच्यात अजून वाद आहेत, म्हणून जे पाहिलं तेच सांगतो. सकाळी शुकशुकाट होता. शेजारच्या साडीवाल्याकडे एक बस्त्याचं कुटुंब यायचं होतं, त्यांनी फोन करून दुसऱ्या दिवसावर ढकललं. संध्याकाळी मात्र अशी गर्दी झाली की बास. आजोबा मंडळी रस्त्याच्या मधोमध उभी राहून गप्पा मारत होती. मुलं पळत होती. त्यातले किती दुकानात शिरले? माझ्याकडे नेहमीपेक्षा जास्त, साडीवाल्याकडे कमी. आणि खरं सांगायचं तर एका दिवसावरून काहीच सिद्ध होत नाही. तो शनिवार होता, शिवाय लग्नसराई. नवलाई म्हणून लोक आले. खरं काय ते जुलै महिन्यातल्या मंगळवारी, पाऊस पडत असताना कळेल. वर्षातून एकदा सोहळा करून ना व्यापाऱ्याची भीती जाते ना चालणाऱ्याची सोय होते.

यात एक बारकावा आहे, तो भाषणांत कोणी बोलत नाही. सगळा धंदा एकसारखा नसतो. माझं गिऱ्हाईक पिशवीत साडी घेऊन येतं, पाव मीटर कापड घेऊन जातं. त्याला गाडी दारात नसली तरी चालतं. बस्त्याला येणारं कुटुंब दहा जणांचं, त्यात दोन आज्या, चार तास बसणार आणि मोठमोठी गाठोडी घेऊन निघणार. त्यांना दारापर्यंत वाहन लागतं. ते तिथे उभं करायची गरज नाही, पण आणून सोडायची आणि न्यायची सोय पाहिजे. रविवार पेठेतल्या भांडीवाल्याचं आणखी वेगळं. त्याचं गिऱ्हाईक खेड्यातला दुकानदार, तो माल टेम्पोत भरून नेतो. अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये शाळेची पुस्तकं घ्यायला अख्खं पुणं लोटतं, ऑक्टोबरमध्ये तसं नसतं. एकच फतवा या सगळ्यांना लावला तर कोणाचा तरी गळा दाबला जाणार.

दिल्लीत चांदनी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत सव्वा किलोमीटरहून थोडा जास्त रस्ता २०२१ मध्ये नव्याने बांधून खुला केला. सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनं बंद. त्यातून शिकण्यासारखं आहे ते वेळेचं. माल रात्री आणि पहाटे. आपल्याकडे हेच करता येईल. गाठी सकाळी दहाच्या आत उतरवा. आज टेम्पो भर दुपारी बाराला येतो, हमाल डोक्यावर गाठ घेऊन गर्दीतून वाट काढतो आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खातो.

मुंबईने २०१९ च्या जुलैत वेगळा मार्ग धरला. सार्वजनिक वाहनतळापासून ५०० मीटरच्या आत रस्त्यावर गाडी लावली तर दंड पाच हजारांपासून पुढे. दंडाचा आकडा मला पटत नाही, पण त्यातला विचार पटतो: आधी वाहनतळ, मग बंदी. आपल्याकडे मंडईत मिसाळ आणि आर्यन ही वाहनतळं आहेत, नारायण पेठेत हमालवाड्याचं आहे. पण कुठे किती जागा रिकामी आहे हे चौकातच पाटीवर दिसायला हवं. संध्याकाळनंतर आत पुरेसा उजेड हवा, एकट्या बाईला भीती वाटता कामा नये. ते नसेल तर ‘तिथे जागा होती’ या वाक्याला अर्थ नाही.

आता थोडं आपल्या दाराशी येतो. रागावू नका. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा पार्किंगमध्ये स्कूटर होत्या आणि मुलं क्रिकेट खेळायची. आज एका फ्लॅटला दोन मोटारी, आणि जनरल बॉडीत पाण्यापेक्षा पार्किंगवर जास्त वेळ जातो. आपल्या गेटवर पाटी आहे: ‘पाहुण्यांनी आपली वाहने बाहेर लावावीत.’ ही पाटी आपणच ठराव करून लावली. सख्खा भाऊ आला तरी गाडी बाहेर. आणि तीच आपली माणसं लक्ष्मी रस्त्यावर जाऊन म्हणतात की दुकानाच्या दारात जागा पाहिजे, तीही फुकट. रस्त्यावरची जागा फुकट असते असं आपल्याला वाटतं, कारण तिचं बिल कोणाच्या नावाने येत नाही. महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंगचं धोरण मंजूर केलं, रस्त्यावर गाडी लावायचे पैसे घ्यायचे ठरलं, आणि केवढा गदारोळ झाला! ओरडणाऱ्यांत व्यापारी होते, गिऱ्हाइकं होती, सगळे पक्ष होते.

माझं मत विचाराल तर सरसकट बंदी आज नको. पहिल्यांदा दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्या हलवा, म्हणजे आमच्या. त्याची जबाबदारी व्यापारी संघटनांनी घ्यावी, पोलिसांची वाट पाहू नये. मग मोटारी हलवा. दुचाकीला अर्ध्या तासाची मुदत आणि त्यापुढे पैसे. दर दोन चौकांमागे रिक्षा थांबायला जागा. अपंगांची आणि म्हाताऱ्या माणसांची गाडी दारापर्यंत येऊ द्या, त्यात वाद नको. मोकळी झालेली जागा चालणाऱ्यांना मिळाली पाहिजे. पथारी लागून ती पुन्हा भरली तर आमच्या गाड्या काय वाईट होत्या? हे सहा महिने करून पाहा, पावसाळा धरून, आणि त्या काळात आमची विक्री किती घटली-वाढली ते आमच्याच वह्यांतून बघा. मी माझी वही दाखवायला तयार आहे. प्राप्तिकरवाले सभागृहात नाहीत असं धरून चालतो.

वहिनींसाठी एक. सप्टेंबर २०२४ पासून मंडईला मेट्रो आली आहे. आयडियल कॉलनीला बसायचं, सिव्हिल कोर्टाला गाडी बदलायची, मंडईला उतरायचं. वर आलात की तुळशीबाग समोर. पेठांतून फिरायला दहा रुपयांत दिवसभर चालणारी ‘पुण्यदशम’ बस २०२१ मध्ये सुरू झाली, तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी आजीबाई त्या बसवर खूश होत्या. अशा बस वाढवा, ही मागणी व्यापाऱ्यांनीच केली पाहिजे. पार्किंग वाचवायला आम्ही जेवढी निवेदनं दिली, त्याच्या पाव हिश्श्याने बस मागितली असती तर बरं झालं असतं.

माझी वेळ संपली अशी चिठ्ठी आली आहे. प्रश्न घेतो. पहिला बी विंगमधून येणार हे दिसतंच आहे. आणि हो वहिनी, तुमचं मोरपंखी अस्तर मागच्या महिन्यापासून दुकानात बाजूला काढून ठेवलेलं आहे.